दमा आणि गरोदरपण: पंप बंद न करता नऊ महिने कसे काढायचे

दिवस राहिल्याचं कळलं की दमा असलेल्या कितीतरी जणी पहिलं काम करतात ते म्हणजे पंप कपाटात ठेवून देतात. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नसतं. ‘आता कसलंच औषध नको’ असं मनातच येतं आणि घरचे त्यात भर घालतात. सासूबाई म्हणतात, “अगं, तो पंप उष्ण पडतो, थोडे महिने कळ काढ.” शेजारच्या काकू म्हणतात, “एकदा सवय लागली की सुटत नाही.” दोघींच्या बोलण्यात मायाच असते, पण सल्ला चुकीचा असतो. गरोदरपणात दमा उसळण्याचं एक मोठं कारण म्हणजे चालू औषध मध्येच सोडणं.

पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही. त्याचा प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेतून येतो. आई दोन तास धाप सोसत कळ काढते, तेव्हा बाळही ती काढत असतं. दमा आटोक्यात नसेल तर बाळ दिवस भरण्याआधी होणं, त्याचं वजन कमी भरणं, आईला रक्तदाबाचा विकार होणं, हे धोके वाढतात. आटोक्यात असेल तर बहुतेक जणींचं बाळंतपण इतर कुणाही बाईसारखंच पार पडतं.

गरोदरपणात दमा कसा वागेल याचा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे: साधारण एक तृतीयांश बायकांचा वाढतो, एक तृतीयांशांचा कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. आपण कुठल्या गटात पडणार हे आधी सांगता येत नाही. आधीच तीव्र दमा असलेल्यांना जास्त जपावं लागतं. मोठे झटके बहुधा मधल्या महिन्यांत, म्हणजे चौथ्या ते सहाव्यात येतात. नेमकं तेव्हाच उलट्या थांबलेल्या असतात, बरं वाटत असतं आणि लक्ष ढिलं पडलेलं असतं.

पहिली पायरी: औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे

शक्यतो पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच छातीच्या किंवा नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. जाताना घरातले सगळे पंप, गोळ्या, कॅप्सूल, सर्दी-खोकल्याची अर्धवट बाटलीसुद्धा पिशवीत घाला. ‘निळा एक आणि जांभळा एक’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

दम्याचे पंप दोन कामांचे असतात. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज कमी ठेवतो. त्यात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असतं. गरोदरपणात ब्यूडेसोनाइडचा अनुभव सर्वांत जास्त आहे, त्यामुळे नव्याने सुरू करायचं झालं तर डॉक्टर बहुधा तेच देतात. पण तुमचा दमा फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोनवर नीट चालू असेल तर केवळ गरोदर आहात म्हणून तो बदलायची गरज नसते. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट छातीत जाऊन काम करतं. पोटात घ्यायच्या गोळीशी त्याची बरोबरी करू नका.

तातडीचा पंप, म्हणजे बहुतेकांच्या घरात असलेला अस्थालिन, यात साल्ब्युटामॉल असतं. तोही गरोदरपणात चालतो. अडचण वेगळीच आहे. कितीतरी जणी वर्षानुवर्षं फक्त यावरच दिवस काढतात. तो नळ्या मोकळ्या करतो, सूज मात्र तशीच राहते. ‘मला अस्थालिननेच बरं वाटतं’ असं म्हणणाऱ्या बाईला रोजच्या पंपाची गरज आहे का, हे डॉक्टरांनी या भेटीत तपासायला हवं. दम्याचे जागतिक तज्ज्ञ २०१९ पासून हेच सांगत आहेत की मोठ्यांना केवळ तातडीच्या पंपावर ठेवू नये. ब्यूडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप काहींना रोजच्या आणि तातडीच्या अशा दोन्ही कामांसाठी लिहून देतात. साल्मेटेरॉल असलेला पंप तातडीला वापरायचा नसतो. दोन्हींची खोकी सारखी दिसतात, म्हणून नाव वाचायची सवय लावा.

मॉन्टेलुकास्टची गोळी आधीपासून चालू असेल आणि तिचा उपयोग होत असेल तर डॉक्टर ती बहुधा चालू ठेवतात. डेरिफायलिनसारख्या गोळ्या आपल्याकडे अजून सर्रास चालतात, पण त्यांचा उपयोग आणि अपाय यांतलं अंतर फार कमी असतं. धडधड आणि मळमळ वाढते, आणि गरोदर बाईला मळमळ आधीच पुरेशी असते. त्या चालू असतील तर नक्की विचारा. मोठा झटका आला तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्या द्यायलाच हव्यात. स्टेरॉइडच्या गोळीची भीती समजण्यासारखी आहे, पण बाळाला खरा धोका असतो तो न थांबलेल्या झटक्याचा.

दमा आटोक्यात आहे म्हणून नऊ महिन्यांत डोस कमी करायची घाईही नको. तो प्रयोग बाळंतपणानंतर करता येतो. तोवर दर चार ते सहा आठवड्यांनी दम्याची तपासणी होऊ द्या. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना दम्याचा कागद न्या आणि छातीच्या डॉक्टरांकडे माता-बाल संरक्षण कार्ड. दोन डॉक्टरांमधला निरोप्या बहुतेक वेळा आपणच असतो.

दुसरी पायरी: पंप ओढता येतो का, ते पाहा

औषध योग्य, डोस योग्य, तरी दमा हलत नाही, अशा वेळी निम्मं उत्तर पंप ओढण्याच्या पद्धतीत सापडतं. वीस वर्षं पंप घेणारी बाईही तो चुकीचा घेत असू शकते, कारण पहिल्या दिवशी दुकानदाराने दाखवलं तेवढंच तिला माहीत असतं.

दाबायचा पंप शक्यतो स्पेसरमधून घ्या. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची ती फुगीर नळी. पंप हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर एक-दोनदा हवेत उडवा. ताठ बसा आणि श्वास बाहेर सोडा. तोंडाची बाजू दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटा. एकदाच दाबा आणि लगेच हळूहळू, खोल श्वास आत घ्या. मनात दहापर्यंत मोजेस्तोवर श्वास धरून ठेवा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि सगळं पहिल्यापासून करा. एका दमात दोन पफ मारले तर वेळ वाचतो, औषध मात्र स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून ओढायची पावडर असेल तर रीत उलटी आहे. तिथे हळू ओढून भागत नाही, एकदम जोरात आणि खोल ओढावं लागतं. त्यात फुंकर मारू नका, पावडर ओलसर होऊन बसते. ओढून झाल्यावर कॅप्सूल पाहा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. पोट मोठं झाल्यावर शेवटच्या महिन्यांत हा जोर काहींना लावता येत नाही. असं वाटलं तर डॉक्टरांना सांगून स्पेसरवर या. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, म्हणून लिहितो: ती गिळायची नसते.

रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंका. नाहीतर तोंडात पांढरा थर येतो, आवाज बसतो, आणि मग ‘पंप सोसत नाही’ म्हणून तो बंद होतो. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आतल्या प्लॅस्टिकवर वीजभार तयार होतो आणि औषध तिथेच अडकतं. पंपात किती पफ उरलेत ते पाठीमागच्या आकड्यावरून पाहा. आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा. पाण्यात तरंगतो की बुडतो ही परीक्षा खोटी आहे. हलवल्यावर आवाज येतो तोही बऱ्याचदा नुसत्या वायूचा असतो.

तिसरी पायरी: साधी धाप कोणती, दमा कोणता

गरोदरपणात धाप लागतेच. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो आणि दमा नसलेल्या बायकांनाही जिना चढताना थांबावं लागतं. या धापेत खोकला नसतो, छातीत घरघर नसते आणि ती पहाटे तीनला झोपेतून उठवत नाही. घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणं, रात्री-पहाटे उठवणारा खोकला, पंपाने कमी होणारा त्रास, ही दम्याची चिन्हं.

दर महिन्याला स्वतःला चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदांहून जास्त त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदांहून जास्त लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळावं लागलं का? चारही ‘नाही’ तर दमा आटोक्यात. एक-दोन ‘हो’ असतील तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. तीन-चार ‘हो’ म्हणजे दमा हाताबाहेर चालला आहे.

दमा मध्यम किंवा तीव्र असेल तर पीक फ्लो मीटर घ्या. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं प्लॅस्टिकचं, बिनविजेचं, फुंकायचं यंत्र आहे. उभं राहून खोल श्वास घ्या आणि जोरात फुंका. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. गरोदरपणाने हा आकडा फारसा बदलत नाही, त्यामुळे तो उतरला तर दोष पोटाला देऊ नका. बरं असताना तुमचा उत्तम आकडा ४०० असेल तर ३२० च्या वर ठीक, ३२० ते २०० म्हणजे इशारा, २०० च्या खाली दवाखाना.

चौथी पायरी: घरातला धूर आणि धूळ

इथे ‘प्रदूषण टाळा’ एवढं सांगून भागत नाही, कारण बराचसा धूर आपल्याच घरात तयार होतो. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब लाकडावर, भाकरी चुलीवर, हे अजून पुष्कळ घरांत चालतं. सात-आठ महिने चुलीपुढे बसायचं काम दुसऱ्या कुणी तरी घ्यावं, एवढं घरच्यांकडे नक्की मागा. मिरचीची फोडणी, मसाला भाजणं, धान्य पाखडणं, गोधड्या झटकणं, दिवाळीआधी माळा साफ करणं, ही कामंही दुसऱ्यांच्या यादीत टाका. डासांची कॉइल आणि धूप-ऊद यांचा धूर बंद खोलीत कोंडतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, आणि देवापुढे उदबत्तीऐवजी नुसता दिवा लावला तर देवाची हरकत नसावी.

मशेरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तव्यावर तंबाखू भाजतानाचा धूर दमेकरी बाईला त्रास देतो, आणि मशेरी लावणारी स्वतः गरोदर असेल तर तंबाखू बाळापर्यंत पोहोचतो. आईची किंवा सासूची मशेरी घरात भाजली जात असेल तर निदान हे नऊ महिने ती बंद ठेवा. नवरा विडी-सिगरेट ओढत असेल तर ‘बाल्कनीत ओढतो’ ही सवलत नको. धूर कपड्यांवर आत येतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बुरशी धरते. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, डाग पुसून घ्या, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीवर बसणारी कबुतरं छातीला वाईट. त्यांची विष्ठा सुकल्यावर खरवडू नका, दुसऱ्या कुणाला तरी पाण्याने भिजवून काढायला सांगा.

सर्दी-फ्लूने दमा जितका उसळतो तितका क्वचितच कशाने उसळत असेल. फ्लूची मृत विषाणूंची लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात घेता येते. ती मागून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी कुणी आपणहून आठवण करत नाही. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर यांनीही खोकला वाढतो. रात्रीचं जेवण लवकर घ्या, जेवून लगेच आडवं होऊ नका, आणि तरी त्रास राहिला तर डॉक्टरांकडून आम्लपित्ताचं औषध घ्या.

पाचवी पायरी: दुसऱ्याच कारणाने दिलेली औषधं

दमेकरी गरोदर बाईला काही वेळा त्रास होतो तो दम्याशी संबंध नसलेल्या औषधाने. गरोदरपणात रक्तदाब वाढला की लॅबेटालॉल हे औषध खूप वापरतात. ते दम्यात श्वासनलिका आवळू शकतं. त्याऐवजी निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येतं, पण त्यासाठी लिहिणाऱ्याला दम्याबद्दल माहीत हवं. रक्तदाबाचा विकार टाळायला कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, म्हणजे इकोस्प्रिन, देतात. बहुतेक दमेकऱ्यांना ती चालते, पण काहींना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने जोराचा झटका येतो. पूर्वी कधी डोकेदुखीच्या गोळीनंतर छाती भरून आली असेल, नाकात मांसाचे कोंब वाढले असतील, तर हे ठळकपणे सांगा. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल पुरतं.

सर्दीच्या तयार गोळ्या आणि खोकल्याची सिरपं दुकानातून परस्पर घेऊ नका. ‘दमा मुळापासून बरा’ म्हणून पुड्यांत मिळणारं बिननावाचं चूर्ण तर अजिबात नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि ते किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मृगाला हैदराबादेत दम्यावर जिवंत मासा गिळायला हजारो लोक जातात. गरोदर बाईने त्या गर्दीत जाऊ नये, आणि त्या भरवशावर पंप सोडू नये.

सहावी पायरी: झटका आला तर

हे आधी कागदावर लिहून घ्यायचं असतं, कारण धाप लागलेली बाई सूचना वाचू शकत नाही. कागद फ्रिजवर लावा आणि नवऱ्याला, सासूबाईंना किंवा आईला एकदा वाचून दाखवा. डोस तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. साधारण क्रम असा असतो:

१. ताठ बसा, थोडं पुढे झुका. उताणं झोपू नका. आडवं व्हायलाच लागलं तर डाव्या कुशीवर.
२. तातडीचा पंप स्पेसरमधून घ्या, एका वेळी एक पफ, असे चार. प्रत्येक पफनंतर चार-पाच श्वास.
३. वीस मिनिटांत पूर्ण आराम पडला नाही तर तेवढेच पुन्हा घ्या आणि दवाखान्यात जायची तयारी करा. वाटेतही पंप घेत राहा. लिहून दिलेली प्रेडनिसोलोनची गोळी असेल तर ती आता घ्या.
४. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली, घरघर अचानक थांबून बाई थकलेली, गुंगीत, किंवा बाळाची हालचाल कमी: यांतलं काहीही दिसलं तर वीस मिनिटं थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

ऑक्सिमीटर ९७ दाखवतो म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. आकडा उशिरा घसरतो, माणूस आधी थकतो. गरोदर बाईच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड एरवीच कमी असतो. त्यामुळे झटक्यात तो इतरांसारखा ‘नॉर्मल’ दिसला तरी ती थकत चालल्याची खूण असू शकते. दवाखान्यात ‘मी गरोदर आहे, इतके महिने झाले’ हे आधी सांगा. प्राणवायू, वाफेची मशीन, स्टेरॉइड, हे सगळं गरोदर बाईला इतरांसारखंच मिळायला हवं. ‘गरोदर आहे, जपून’ म्हणून अर्धवट उपचार घेऊन परत येऊ नका. झटका ओसरल्यावर बाळाचे ठोके तपासून घ्या. दमा वारंवार उसळत असेल तर बाळाची वाढ पाहायला सोनोग्राफी जास्त वेळा लागते.

सातवी पायरी: माहेरी जाताना

आपल्याकडे पहिलटकरीण डोहाळजेवण आटोपून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, घरातली धूळ आणि धूर बदलतो, आणि ज्याला तुमचा दमा माहीत होता तो माणूस मागे राहतो. म्हणून बॅगेत साड्यांच्या आधी या वस्तू भरा: दोन महिन्यांचे पंप, स्पेसर, पीक फ्लो मीटर, आणि एका पानाचा कागद. कागदावर चालू औषधं डोससकट, शेवटचा मोठा झटका कधी आला, आधी कधी अतिदक्षता विभागात ठेवलं होतं का, कुठली गोळी सोसत नाही, आणि वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घेतल्या. पोहोचल्यावर आठवडाभरात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हा कागद दाखवा. गावातल्या आशाताईंनाही दमा असल्याचं सांगा.

कळा सुरू झाल्या तरी रोजचा पंप वेळेवर घ्या. प्रसूतीत दम्याचा मोठा झटका क्वचित येतो. भूलतज्ज्ञांना दम्याबद्दल स्वतः सांगा. सिझेरियन लागलं तर पाठीतली भूल दमेकऱ्यांना जास्त सोयीची. गेल्या काही आठवड्यांत सलग स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर प्रसूतीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शनं लागू शकतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला वापरतात त्यातलं कार्बोप्रोस्ट हे इंजेक्शन दम्यात टाळतात, ऑक्सिटोसिन चालतं. हे डॉक्टरांना माहीत असतं, फक्त रात्री दोनच्या घाईत तुमच्या केसपेपरवर ‘दमा’ हा शब्द मोठ्या अक्षरात दिसला पाहिजे. शेवटच्या दोन दिवसांत साल्ब्युटामॉल खूप लागलं असेल तर बाळाची साखर उतरू शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

आठवी पायरी: बाळंतिणीची खोली

शेक-शेगडीचा मुद्दा इथे येतो. बंद खोलीत निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, शेपा टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देतात. दमा असलेल्या आईला आणि नवजात बाळाच्या छातीला हा धूर घातक आहे, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू वेगळाच. तुमच्या आईला वाईट वाटेल, पण तिला दुसरं काम द्या. तेल लावणं, गरम पाण्याची अंघोळ, डिंक-अळिवाचे लाडू, हे सगळं चालतं. धुरी तेवढी नको.

रोजचा पंप अंगावर पाजताना चालतो. त्यातलं दुधात जवळजवळ काही उतरत नाही, आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू असल्या तरी पाजणं सोडायचं नसतं. टाके दुखतात म्हणून मिळणारी डायक्लोफेनॅकची गोळी अ‍ॅस्पिरिन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये. रात्रीची जागरणं आणि पाहुण्यांच्या सर्द्या यांत पंप चुकतो. तो बाळाच्या तेलाच्या वाटीशेजारी, मोठ्यांच्या नजरेत राहील असा ठेवा. गरोदरपणात बदललेला दमा बहुतेक जणींमध्ये तीन महिन्यांत पूर्वीच्या जागी येतो. बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या लसीच्या सुमारास स्वतःच्या छातीचीही तारीख घ्या. डोस कमी करायचा की तसाच ठेवायचा, हे त्या भेटीत ठरवा.